वेळ झाली की होतंय बराबर

आमच्या साडूभाऊंइतका देवावर बिनधास्त भार टाकून बसणारा माणूस सगळ्या मराठवाड्यात दुसरा नसेल, आणि असलाच तर तो अजून कुठल्यातरी बसस्टँडवर बसून असेल, त्यामुळे त्याची आपली भेट होण्याचा संभव नाही. साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. जाफराबादच्या जनावरांच्या दवाखान्यात त्यांनी पट्टीबंधक म्हणून उभी नोकरी काढली आणि निवृत्त झाल्यावरही तिथंच, त्याच भाड्याच्या घरात राहिले. अंगानं उंच आणि किडकिडीत. पांढरा पायजमा, पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, आणि समोर गवताची गंजी पेटलेली असली तरी चेहऱ्यावर नुकतंच जेवण झाल्याची तृप्ती. तसे ते फार देवभोळे नाहीत. कीर्तनात त्यांना झोप येते, उपास झेपत नाहीत, आरतीचं पहिलं कडवं सोडलं तर पुढं नुसत्या टाळ्या वाजवतात. त्यांचा आणि देवाचा संबंध एकाच बाबतीत येतो, आणि ती म्हणजे वेळ. एखादी गोष्ट होत नसली की ते म्हणतात, "त्याची वेळ झाली न्हाई अजून. वेळ झाली की होतंय बराबर." आणि ती झाली की म्हणतात, "पाहा, झाली का न्हाई?" या दोन वाक्यांमधला काळ ते बाजेवर बसून काढतात.

इकडे मी जालन्याच्या एका हायस्कुलात शिकवतो आणि शाळेचं वेळापत्रक करायचं काम वर्षानुवर्षं माझ्या गळ्यात आहे. गाडी सुटायच्या कितीतरी आधी मी स्टेशनात जाऊन बसतो आणि बायकोला म्हणतो, "बघ, आलो की नाही वेळेवर?" ती म्हणते, "आलो. पण कालच्या गाडीच्या वेळेवर आलो असं वाटतंय." अशा माणसाला असा साडू मिळावा यात देवाचा काहीतरी हेतू असेल, पण तो मला अजून कळलेला नाही.

त्यांच्यासोबत प्रवास करणं हा एक वेगळाच अनुभव. एकदा आम्ही दोघं जाफराबादच्या स्टँडमध्ये शिरतोय तोच जालन्याची बस फाटकातून बाहेर पडत होती. मी पळालो. हात केला, ओरडलो, बसच्या पत्र्यावर थापसुद्धा मारली. मागं वळून पाहतो तर साडूभाऊ आहेत त्याच चालीनं येत होते. "पळा ना, साडूभाऊ!" तर म्हणाले, "ती आपली न्हाई, पाव्हणं. आपली असती तर थांबली असती." आपली म्हणून जी बस आली, ती बऱ्याच वेळानं आली आणि तिच्यात पाय ठेवायला जागा नव्हती. जालन्यापर्यंत साडूभाऊ एक पाय खाली आणि एक पाय कुणाच्यातरी मिरच्यांच्या पोत्यावर ठेवून उभे होते, आणि मधूनच वाकून मला सांगत होते, "ही बघा आपली."

माझ्या लग्नात भोकरदनहून गुरुजींना घेऊन येण्याचं काम थोरले जावई म्हणून त्यांच्याकडे होतं. हे काम त्यांना कुणी दिलं याचा तपास आमच्या घरात अजून चालू आहे. मी मुंडावळ्या बांधून उभा, वऱ्हाडी अक्षता मुठीत धरून उभे, मुठीतल्या अक्षतांना घाम सुटला, मुहूर्त आला आणि गेला. नंतर दुधाच्या गाडीतून साडूभाऊ आणि गुरुजी उतरले. वाटेत एका शिवारात गाय अडली होती म्हणून साडूभाऊंनी गाडी थांबवली होती. वासराचे पाय धरायला दोरी हवी होती आणि दोरी ओढायला माणूस. गुरुजींच्या धोतराकडं पाहून तो माणूस कोण होता हे सगळ्यांना कळलं. माझे वडील तापट होते, ते म्हणाले, "मुहूर्त टळला की हो!" साडूभाऊ म्हणाले, "टळला न्हाई, मामा. जरासा सरकला. कालवड झालीय, चांगला शकुन हाय." त्यानंतर गुरुजींनी मंगलाष्टकं अशा वेगानं म्हटली, की आम्ही नवराबायको सावधान व्हायच्या आत संसारात पडलो होतो. पुढं आमचा संसार बरा झाला. त्याचं श्रेय साडूभाऊ आजही त्या कालवडीला देतात.

पुष्कळ वर्षं माझा समज होता, की हा स्वभाव त्यांना त्या दवाखान्यानं दिला असावा. म्हशीला घाई करून चालत नाही. तिची वेळ भरली की ती विते, आणि तोवर माणसानं तिच्याजवळ बसायचं असतं. आजूबाजूच्या गावांतले शेतकरी सांगतात, की साडूभाऊंसारखं बसणं कुणाला जमलं नाही. डॉक्टर इंजेक्शन देऊन निघून जायचे, घरचे लोक येरझारा घालायचे, आणि हे गोठ्यात म्हशीच्या मानेवर हात ठेवून बसून असायचे. जनावरसुद्धा त्यांच्याकडं पाहून शांत व्हायचं म्हणे. माणसांचं मात्र तसं होत नाही. माणसं त्यांच्याकडं पाहून पेटतात.

घरात त्यांच्या या भरवशाला अक्कांचा हातभार होता. अक्का म्हणजे माझी थोरली मेहुणी. ठेंगणी, चटपटीत, बोलायला कमी. एका संध्याकाळी मी त्यांच्याकडं बसलो होतो आणि वीज गेली. समोरच्या घरात दिवे चालू होते, शेजारी टीव्ही चालू होता, अंधार फक्त आमच्यापुरताच होता. मी म्हटलं, "साडूभाऊ, आपला फ्यूज गेला वाटतं." ते म्हणाले, "येईल की. जल्दी काय हाय?" तेवढ्यात अक्का स्वयंपाकघरातून निघाल्या, स्टूल सरकवलं, तार बांधली, आणि पुन्हा पोळ्या लाटायला गेल्या. लख्ख उजेड पडला. "पाहा," साडूभाऊ म्हणाले, "आली का न्हाई?" गॅसची टाकी, रॉकेल मिळायचं त्या काळी रॉकेल, पावसाळ्याआधी पत्र्यावरचं डांबर, या सगळ्या गोष्टी त्या घरात अशाच आपापल्या वेळेला होत असत.

तर अशा या माणसावर घर बदलायची पाळी आली.

घरमालक भला माणूस. साडूभाऊंना त्यानं कधी भाडेकरू मानलं नाही. पण त्याच्या मुलाचं लग्न ठरलं आणि नव्या जोडप्याला खोल्या हव्या झाल्या. दिवाळीतच त्यानं चिवड्याचं ताट हातात घेऊन, ओशाळत, ही गोष्ट काढली. साडूभाऊ त्याची पाठ थोपटत म्हणाले, "अरे, त्यात काय? सोडतो की. पोराचं लगीन हाय." आणि बाजेवर जाऊन बसले. संक्रांत झाली, होळी झाली, पाडवा झाला. लग्न वैशाखातलं. घरमालक रोज सकाळी दारात येऊन "चहा झाला का?" असं विचारायचा, त्याचा खरा अर्थ सगळ्यांना कळायचा, आणि साडूभाऊ उत्तर द्यायचे, "झाला. तुमी घेता का?"

शेवटी माझ्या बायकोनं आमच्याच गल्लीत एक तळमजल्यावरचं घर हेरलं. थोरली बहीण म्हातारपणी जवळ राहील या कल्पनेनं ती इतकी हरखली होती, की आल्यागेल्याला त्या घराच्या खिडक्या दाखवायची. घराच्या मालकीणबाई निवृत्त मुख्याध्यापिका. गल्लीत त्यांना सगळे मॅडम म्हणतात आणि कारण नसताना घाबरतात. त्यांनी सांगितलं, "रविवारी दिवेलागणीच्या आत सामान आलं तर घर तुमचं. दुसरी पार्टी तयार आहे. आणि दिवे लागल्यावर मी कुणाला किल्ली देत नाही, लक्ष्मी बाहेर जाते." बायकोनं मला शनिवारी पहाटेच्या गाडीनं जाफराबादला पिटाळलं. "दाजींच्या भरवशावर राहू नका," ती म्हणाली. "आणि त्यांच्याशी वाद घालू नका. नुसतं सामान बांधा."

मी पोचलो तेव्हा घरात रंगारी होता. घरमालकाला आता थांबता येत नव्हतं. त्यानं बिचाऱ्यानं बाहेरच्या खोलीपासून रंग सुरू केला होता. कपाट हललेलं नव्हतं, म्हणून रंगाऱ्यानं कपाट सोडून रंग दिला होता. कॅलेंडर उतरवलेलं नव्हतं, म्हणून कॅलेंडर सोडून दिला होता. साडूभाऊ बाजेवर बसून पेपर वाचत होते, आणि रंगारी त्यांच्यामागची भिंत त्यांच्या टोपीच्या कडेकडेनं अतिशय काळजीपूर्वक रंगवत होता.

"या पाव्हणं, बसा," साडूभाऊ म्हणाले. "जरा इकडून बसा. तिकडं वलं हाय."

"टेम्पो सांगितला का?" मी उभ्यानंच विचारलं.

"सांगितला न्हाई. येतंय."

"कुठून येतंय?"

"आता ते मी कसं सांगू?" ते म्हणाले. "जालन्याकडं रोज किती रिकाम्या गाड्या जातेत. त्यातली एक आपली असंल."

मी दिवसभर फोन केले. लग्नसराई ऐन भरात होती. तालुक्यातला प्रत्येक टेम्पो कुठंतरी मांडव, खुर्च्या किंवा वऱ्हाड वाहत होता. एकानं मला सांगितलं, की पुढच्या महिन्यात मोकळा आहे. दुसऱ्यानं विचारलं, की नवरीकडचे का नवऱ्याकडचे. माझा आवाज चढत गेला आणि फोनची बॅटरी उतरत गेली. साडूभाऊ अधूनमधून पेपरातून मान वर काढून म्हणायचे, "पाणी घ्या, पाव्हणं." अक्का आत शांतपणे डबे बांधत होत्या. भांडी पोत्यांत गेली, कपडे लुगड्यांच्या गाठोड्यांत गेले. त्या काही बोलत नव्हत्या. मला वाटलं, बिचाऱ्यांनी आशा सोडली.

रविवारी सकाळी रंगाऱ्यानं सांगितलं, की आता आतल्या खोल्या मोकळ्या पाहिजेत. तेव्हा मी, रंगारी आणि घरमालक अशा तिघांनी मिळून सगळा संसार रस्त्यावर आणून मांडला. कपाट, दोन बाजा, शिलाई मशीन, पिठाचा डबा, तुळशीचं वृंदावन, गाद्यांची वळकटी. साडूभाऊंनी देव्हाऱ्यातले देव एका परातीत, पिवळ्या फडक्यावर ठेवले आणि ती परात मांडीवर घेऊन ते रस्त्याकडेच्या बाजेवर बसले. म्हणजे बदल एवढाच झाला, की आता बाज उन्हात होती. येणारे-जाणारे थांबू लागले. खेड्यावरून बाजाराला आलेल्या एकानं मशीन फिरवून पाहिलं आणि "कितीला देता?" म्हणून विचारलं. साडूभाऊ म्हणाले, "इकायचं न्हाई. पन बसा ना." तो बसला. आणखी दोघं बसले. भर रस्त्यात, उन्हात, आमच्या घरच्या बाजांवर एक लहानशी सभा भरली आणि जनावरांच्या लाळ्या-खुरकुतावर चर्चा सुरू झाली. मी बायकोला फोन लावला. ती म्हणाली, "मॅडम दोनदा येऊन गेल्या. ती दुसरी पार्टी घर बघायला येणार आहे. तुम्ही करताय काय तिथं?" मी साडूभाऊंकडं पाहिलं आणि म्हणालो, "आम्ही बसलोय."

मग ऊन डोक्यावर आलं असताना एक पिकअप गाडी वळणावरून आली आणि आमच्या कपाटासमोर उभी राहिली. टेंभुर्णीकडचा एक शेतकरी खाली उतरला. बकऱ्या बाजारात सोडून तो रिकामा चालला होता. साडूभाऊंच्या पाया पडून तो म्हणाला, "चला काका, जालन्याला सोडतो. कुठं ठिवायचं हे?"

साडूभाऊंनी माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत विजय वगैरे काही नव्हता, हे जास्त वाईट होतं. "पाहा," ते म्हणाले, "आली का न्हाई?"

खरं सांगतो, त्या क्षणी मी हललो. आयुष्यभर वेळापत्रकं करून मी काय मिळवलं, असं वाटून गेलं. गाडीत लेंड्या होत्या, वास होता, पण गाडी होती. आम्ही सामान भरलं. देवांची परात घेऊन साडूभाऊ मागं, गाद्यांच्या वळकटीला टेकून बसले. घरमालक रडला, त्यालाही त्यांनी पाणी पाजलं. आणि आम्ही निघालो. अक्का आणि मी पुढं, गाडी चालवणाऱ्या त्या शेतकऱ्याशेजारी.

राजूरला आल्यावर मागून पत्र्यावर थाप पडली. साडूभाऊंना गणपतीचं दर्शन घ्यायचं होतं. नव्या घरी जाताना असं पुढं निघून जाणं बरं दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. रविवारची गर्दी होती, रांग लांबच लांब होती. मी घड्याळ दाखवलं. ते म्हणाले, "येतो की," आणि परात अक्कांच्या स्वाधीन करून त्या शेतकऱ्याला घेऊन रांगेत उभे राहिले. अक्का आणि मी समोरच्या हॉटेलातल्या बाकड्यावर बसलो. परात अक्कांच्या मांडीवर होती. मी स्वतःला शांत करण्यासाठी म्हणालो, "काही म्हणा अक्का, पण ही गाडी मिळाली हे नवलच झालं."

अक्कांनी चहा बशीत ओतला. "गाडी मीच सांगितल्ती," त्या म्हणाल्या.

"काय?"

"गुरुवारीच सांगितल्ती. त्याच्या बायकोला फोन केल्ता. बकऱ्या सोडल्या की ये म्हनलं."

"अहो, मग मला का नाही सांगितलं? काल दिवसभर मी फोन करत होतो!"

"तुमी करून राह्यले तर म्हनलं करू द्या," अक्का म्हणाल्या. "रिकामं बसलं की तुमाला करमत न्हाई."

मी चहा तसाच ठेवला. विचारलं, "साडूभाऊंना माहीत आहे हे?"

"असंल बी. मी कवा विचारलं न्हाई. त्यांनी कवा सांगितलं न्हाई."

"पण अक्का, तुम्हाला राग नाही येत? सगळं तुम्ही करायचं आणि त्यांनी म्हणायचं, देवानं केलं."

"येतो की. आज सकाळी रस्त्यावर बसल्ते ना परात घेऊन, तवा असा राग आल्ता की इचारू नका." त्या जरा हसल्या. मग बशी खाली ठेवून, रांगेकडं पाहत, त्यांनी जे सांगितलं ते मी इतक्या वर्षांत कधी ऐकलं नव्हतं. माझ्या बायकोलाही त्यातलं अर्धंच माहीत होतं.

"हे आधी असे नव्हते, भाऊजी. तुमाला वाटतंय जनमताच असे हायेत. लगीन झालं तवा लई जल्दी असायची त्यांना. सायकलीवर बसले की घंटी वाजवत जायचे, रस्ता मोकळा असला तरी. ताटात भाकर पडायच्या आत हात धुऊन बसायचे. मंग वर्षं गेले. आमाला लेकरू काई झालं न्हाई. सासूबाई लई बोलायच्या. त्यांनी पिंपळगाव रेणुकाईची एक पोरगी पाहून ठेवल्ती ह्यांच्यासाठी. माझ्यादेखत म्हनल्या, 'दुसरं करून घे.' मी चुलीपुढं बसल्ते. हात हलंना माझा. हे बाजेवर बसले अन् म्हनले, 'आई, त्याची वेळ झाली न्हाई अजून. वेळ झाली की होतंय बराबर.' पुढच्या साली पुन्हा इषय निघाला, पुन्हा तेच. त्या म्हनायच्या, किती वाट पाहायची? हे म्हनायचे, देवाला घाई करती का तू? आता देवाचं नाव घेतल्यावर त्या काय बोलत्याल? गप बसायच्या. त्यांच्याशी भांडले असते ना, तर माझंच मरन झालं असतं. पन हे भांडले न्हाईत. नुसते बसून राह्यले."

"आणि सासूबाई?"

"वाट पाहूनच गेल्या. दरसाली हेच. पावणेरावळे, शेजारपाजार, दवाखान्यातले लोक, ज्यानं इचारलं त्याला हेच. अन् मंग ते येगळं कसं ठिवायचं? लेकराच्या बाबतीत देवाची वेळ अन् बसच्या बाबतीत आपली, असं म्हनलं तर लोकं धरतील ना. म्हनून सगळ्यालाच तेच लावलं. एकदा धरलं ते सुटलंच न्हाई."

समोरून गजरे विकणारी बाई गेली. अक्कांनी देवांखालचं फडकं सारखं केलं. "जाफराबादेत आता कुनी इचारत न्हाई," त्या म्हणाल्या. "ज्यांनी इचारायचं ते थकले, मेले. नव्या गल्लीत पुन्हा इचारतील. किती लेकरं, कुठं असतेत. म्हनून हे हालत नव्हते. मला बोलले न्हाईत. पन मला काय कळत न्हाई?"

दर्शन घेऊन साडूभाऊ आले, कपाळाला शेंदूर, हातात पेढे. "गर्दी लई व्हती," त्यांनी सांगितलं, "पन आपली वेळ आल्यावर बराबर आत सोडलं." मी पेढा घेतला. उत्तर द्यायला तोंड मोकळं नव्हतं, हे एका परीनं बरं झालं.

जालना जवळ आलं तसा सूर्य खाली गेला. बायकोचा फोन लागत नव्हता. माझ्या मनात ती दुसरी पार्टी त्या घरात पडदे लावत होती. गल्लीत वळलो तेव्हा विजेच्या खांबांवरचे दिवे लागलेले होते. घरासमोर मॅडम उभ्या होत्या, आणि त्यांच्या शेजारी एक कुटुंब मोटारसायकलीला टेकून, घड्याळाकडं पाहत उभं होतं. घराचं दार मात्र सताड उघडं होतं. आत रिकाम्या खोलीच्या मध्यावर, फरशीवर, माझी बायको मांडी घालून बसलेली. तिच्यासमोर पाण्याचा तांब्या, मीठ, आणि एक निरांजन लावलेलं. दुपारी मॅडमकडून "केर काढते" म्हणून किल्ली घेऊन ती आत गेली होती, केर काढून तिनं तांब्या ठेवला होता, ऊन कलायच्या आत दिवा लावला होता, आणि मग ती तिथून उठली नव्हती. लावलेला दिवा विझवून बाईमाणसाला घराबाहेर काढणं मॅडमनाही जमलं नव्हतं. मोटारसायकलवाल्या कुटुंबानं आमच्या गाडीतलं तुळशीवृंदावन पाहिलं, एकमेकांकडं पाहिलं, आणि गाडीला किक मारली.

साडूभाऊ परात घेऊन उंबऱ्याशी आले. आतला दिवा पाहून त्यांचा चेहरा उजळला. "पाहा," ते मला म्हणाले, "दिवा लागलेलाच हाय."

"हो," मी म्हणालो. "बराबर वेळेवर लागलाय."

माझी बायको माझ्याकडं बघतच राहिली. तिला वाटलं, मला ऊन लागलं.

सामान उतरवायला सुरुवात झाली. कपाटाचं एक टोक माझ्याकडं होतं, एक साडूभाऊंकडं. ते नेहमीप्रमाणं दर पावलाला थांबत होते. मॅडम आत अक्कांजवळ जाऊन उभ्या होत्या, किल्ल्या, नळाची वेळ, कचऱ्याची गाडी हे सगळं सांगून झालं, आणि मग सहज, अगदी चांगल्या मनानं, त्यांनी विचारलं, "आणि मुलं कुठं असतात तुमची? पुण्याला का?"

आम्ही दारातच होतो. साडूभाऊंनी कपाटाचं टोक सोडलं. ते माझ्या पायावर आलं, पण ती गोष्ट वेगळी. मी एवढंच पाहिलं, की हा माणूस दोन ढांगांत खोली ओलांडून अक्कांच्या पुढं जाऊन उभा राहिला. त्यांना असं चालताना मी कधीच पाहिलं नव्हतं. टोपी मागं सरकली होती, श्वास लागला होता.

"दोघंच हावोत, मॅडम," ते म्हणाले. "आदीपासून दोघंच. बसा, मी चहा टाकतो."

आणि ते चहा टाकायला आत गेले. शेगडी अजून गाडीतच होती. चहा, साखर, पातेलं कुठल्या पोत्यात आहे हे अक्कांशिवाय कुणाला माहीत नव्हतं. आतल्या रिकाम्या ओट्यासमोर ते पाठमोरे, हात ओट्यावर ठेवून, बराच वेळ उभे होते. मग अक्का त्यांच्याजवळ गेल्या, आणि दोघं तिथंच उभे राहिले. मॅडम माझ्या बायकोला म्हणाल्या, "चहा राहू दे आज. उद्या सकाळी आमच्याकडेच या सगळे." त्या दिवसापासून गल्लीत कुणी तो प्रश्न विचारला नाही. मॅडमनी काही सांगितलं असावं. त्यांनी सांगितलं की गल्ली ऐकते.

आता ते आमच्या गल्लीत रुळले आहेत. दोघी बहिणी संध्याकाळी फाटकाशी उभ्या राहून बोलतात, बोलणं संपलं की पुन्हा पहिल्यापासून बोलतात. माझ्या अंगठ्याचं काळं पडलेलं नख गळून नवं आलं. साडूभाऊंनी गल्लीतल्या सगळ्या कुत्र्यांच्या कानांतल्या गोचिडी काढल्या आणि त्यामुळं ते इथं लोकप्रिय आहेत, निदान कुत्र्यांत. फक्त रविवारी दुपारी ते स्टँडवर जातात. जाफराबादची गाडी येते तिथं, लिंबाच्या सावलीत उभे राहतात. गाडी लागली की दारातून उतरणारा एकेक माणूस निरखतात. कंडक्टरला विचारतात, तिकडं काय हालहवाल, कापूस कसा आहे, सोयाबीन कसं आहे. ओळखीचं कुणी उतरलं तर त्याला हाताला धरून घरी घेऊन येतात. बहुतेक रविवारी ओळखीचं कुणी उतरत नाही.

एकदा मीही त्यांच्यासोबत गेलो होतो. गाडी रिकामी झाली, पुन्हा भरली, निघूनसुद्धा गेली. आम्ही चालत परत आलो. अक्का दारात गहू निवडत बसल्या होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "कोन आलं?"

"आज कुनी न्हाई," साडूभाऊ म्हणाले, आणि टोपी काढून तिच्यावरची धूळ झटकत त्यांच्या शेजारी बसले. अक्कांनी सुपातले थोडे गहू त्यांच्यापुढं ओढले, आणि दोघं खडे वेचू लागले.